बिडाच्या लोखंडावर रंग कसा धरतो

बिडाचा नवा तवा घरात आला की त्यावर लगेच धिरडी होत नाहीत. आधी तो घासायचा, कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि धूर निघेपर्यंत तापवायचा. थंड झाला की पुन्हा तेल, पुन्हा जाळ. असं चार-पाच वेळा झालं की त्यावर काळा, गुळगुळीत थर धरतो. तो बोटाने पुसला जात नाही, पाण्याने धुतला जात नाही. लावलं होतं तेल, पण आता तिथे तेल उरलेलं नसतं. त्याचं दुसरंच काही झालेलं असतं. ते काय झालं हे समजलं की इंजिनाला रंग कसा द्यायचा हे समजायला वेळ लागत नाही. जुन्या जीपचा, ट्रॅक्टरचा, ट्रकचा इंजिन ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, सहसा याच बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो.

आमच्या घरी आण्णांची जुनी डिझेल जीप आहे. बरीच वर्षं ती लातूर-औसा-निलंगा रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून चालली, आता शेतावर जाते-येते. काही वर्षांपूर्वी इंजिन बोअरिंगसाठी, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून सारखे करून घ्यायला, उतरवलं, तेव्हा ब्लॉक रंगवायचा मी हट्ट धरला. आण्णांचं म्हणणं होतं, बोनेटखाली कोण बघतंय? पहिल्यांदा दिलेला रंग दोन महिन्यांत पोपडे धरून सुटला. पुढे क्लचच्या कामाला इंजिन पुन्हा उतरवावं लागलं, तेव्हा दुसऱ्यांदा रंगवला. तो अजून जागेवर आहे. दोन्ही वेळा ब्लॉक तोच, हात तेच. फरक पडला तो तेलाच्या समजुतीत.

रंगाला आपण रोगण म्हणतो. शब्द फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थच तेल. फाटकाला लावायच्या रंगाला तर आपण सरळ ऑइलपेंट म्हणतो. पण सगळी तेलं सारखी नसतात. शेंगदाण्याचं तेल वाटीत उघडं ठेवलं तर महिन्याने त्याला खवट वास येईल, पण ते तेलच राहील. जवसाचं तेल काचेवर पातळ पसरून ठेवा, काही दिवसांत त्याची कातडी होते. करडीचं तेल या दोघांच्या मधलं. बरणीवरून खाली आलेला त्याचा ओघळ काही दिवसांनी चिकट, पिवळसर होऊन बसतो आणि साबणालाही दाद देत नाही.

हे वाळणं कपडा वाळण्यासारखं नव्हे. कपड्यातलं पाणी उडून जातं. जवसाच्या तेलातून तसं फारसं काही उडून जात नाही, उलट हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो. या तेलाच्या रेणूंमध्ये काही मोकळ्या जागा असतात. ऑक्सिजन तिथे बसतो आणि शेजारच्या रेणूला जोडतो. जोडणी वाढत वाढत सगळ्याचं एक जाळं तयार होतं, आणि जाळं वाहत नाही. तव्यावर हेच काम जाळामुळे काही मिनिटांत होतं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नये. तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

गेल्या शतकाच्या १९२०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी वाळणारी तेलं, ग्लिसरीनसारखं अल्कोहोल आणि आम्ल यांची सांगड घालून एक राळ बनवली. तिचं नाव अल्किड. आज दुकानात सिंथेटिक इनॅमल म्हणून जो डबा मिळतो त्याचा कणा हीच राळ असते. पांढऱ्या रंगासाठीच्या अल्किडमध्ये करडीचं तेलही वापरतात, कारण ते जवसासारखं पिवळं पडत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्या पिकाचं ‘परभणी कुसुम’ हे वाण दिलं, ती ही आपली करडी.

इनॅमल हा शब्द मात्र उसना घेतलेला आहे. खरं इनॅमल म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. जुन्या घरांत पांढरी, निळ्या काठाची ताटं आणि चहाचे मग असायचे, आपटले की कपची उडून काळं लोखंड दिसायचं, ते खरं इनॅमल. रंगाच्या डब्यावर हा शब्द येतो तो चकाकी आणि कडकपणामुळे. डब्यात काच नसते.

आता इंजिनाकडे येऊ. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, रॉकेल ही सगळी जमिनीतून काढलेल्या तेलाची लेकरं. ती जवसासारखी वाळून जाळं धरत नाहीत. पाच वर्षं ब्लॉकला चिकटलेलं इंजिन ऑइल धुळीत मिसळून काळं मेण होईल, पण त्याचा रंग कधीच होणार नाही. वाळणारं तेल न वाळणाऱ्या तेलावर लावलं की वरचं जाळं नीट विणलं जातं, पण ते लोखंडावर नसतं. तेलावर तरंगत असतं. पहिल्यांदा माझा रंग सुटला त्याचं निम्मं कारण हे.

आणि बीड तेल पितं. करड्या बिडात ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. शिवाय वाळूच्या साच्यात ओतल्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग खरबरीत राहतो. या खाचाखोचांत तेल मुरतं. वरून पुसलं की ब्लॉक स्वच्छ दिसतो, जरा ऊब मिळाली की पुन्हा ओलसर होतो. मी पहिल्यांदा रॉकेलने धुऊन, फडक्याने पुसून थांबलो होतो. रॉकेल चिखल काढायला उत्तम, पण शेवटचा हात त्याचा असू नये, कारण ते स्वतःच मागे पातळ तेलकट थर सोडतं. डिझेलचंही तेच.

दुसऱ्या वेळी क्रम असा ठेवला. आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडून सुकलेला चिखल आणि ग्रीस काढलं. मग रॉकेल आणि ब्रश. मग गरम पाणी आणि कपड्यांची पावडर, तीन वेळा. मशीन शॉपमध्ये कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत ब्लॉक बुडवून देतात, तेही चांगलं, पण फक्त बिडासाठी. ॲल्युमिनियमचं हेड किंवा कव्हर त्या टाकीत गेलं तर सोडा धातूच खाऊन टाकतो. सुटा गंज आणि जुना रंग ग्राइंडरला तारेचा कप लावून काढला. वाळूच्या माऱ्याने साफ करून घ्यायचा मोह होतो. माझं मत विरोधात आहे. वाळूचा एक कण तेलाच्या वाहिनीत राहिला तर तो बेअरिंगपर्यंत जातो. इंजिन जोडलेलं असताना तर हा विचारही करू नये.

पाण्याची गोष्ट आमच्याकडे वेगळी आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे लातूर. इंजिन धुवायला नळ सोडून ठेवणं इथे जिवावर येतं. म्हणून पाण्याचं काम होईल तेवढं कमी ठेवायचं आणि खरवडण्यावर भर द्यायचा. बोअरवेलचं पाणी जड असतं. ते ब्लॉकवरच वाळलं तर पांढरे क्षार मागे राहतात. रंगाखाली राहिलेला क्षार पावसाळ्यात हवेतली ओल ओढतो आणि तिथे फोड येतो. शेवटचं विसळणं मी फिल्टरच्या पाण्याच्या जारमधले चार-पाच तांबे घेऊन केलं. ते पाणीही ताबडतोब उडवावं लागतं. उघडं बीड ओलं राहिलं तर काही मिनिटांत पिवळसर गंज धरतं. कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि लगेच उन्हात ठेवायचं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला तेवढा तेलाचा हात देऊन तोंडं बंद करायची, नाहीतर बोअरिंगवर केलेला खर्च एका रात्रीत गंजतो.

ऊन मात्र आपल्याकडे भरपूर. चैत्र-वैशाखात दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, आणि तोच चटका आपल्या कामाचा. तापलेल्या बिडाच्या खाचांतून मुरलेलं तेल वर घामासारखं येतं. ते थिनरच्या फडक्याने पुसायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलं तर तेल निघत नाही, फक्त जागा बदलतं. आणि थिनर ब्लॉक सावलीत आणून, कोमट झाल्यावरच हातात घ्यायचा. तापलेल्या लोखंडावर त्याची वाफ होते आणि तिला पेटायला एका ठिणगीचं निमित्त पुरतं. मी हे ऊन-पुसणं दोन दिवस केलं.

स्वच्छ झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. ब्लॉकवर ओंजळभर स्वच्छ पाणी टाकायचं. ते अळूच्या पानावरच्यासारखं थेंब थेंब होऊन पळालं तर तेल शिल्लक आहे. सलग पातळ चादर होऊन पसरलं तर लोखंड उघडं झालं. ही परीक्षा धातूचं काम करणारे कारखानेही वापरतात आणि तिला खर्च शून्य आहे. परीक्षा झाली की लगेच वाळवायचं.

आता दुसरी चूक, जी बरेच जण करतात. पहिल्यांदा मी दुकानातून ६०० अंश सोसणारा चंदेरी रंग आणला होता. इंजिन तापतं, म्हणून जितके जास्त अंश तितका रंग चांगला, असा साधा हिशोब. ब्लॉक खरं तर किती तापतो? थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, सहसा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि पाणी त्याच्या आसपास राखलं जातं. ब्लॉकची बाहेरची कातडी त्यामुळे साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसला राहते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांची, गोष्ट निराळी. ते जोरात चालताना कित्येकशे अंशांवर जातं.

६०० अंशवाले रंग सायलेन्सर आणि मॅनिफोल्डसाठी असतात. त्यांची राळ सिलिकॉनची असते आणि ती पक्की व्हायलाच साधारण २०० अंश किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. ब्लॉक तिथवर कधी पोचतच नाही. म्हणजे तो रंग माझ्या ब्लॉकवर वाळल्यासारखा दिसला, पण शिजला नाही. कच्च्या भाकरीसारखा राहिला. वरून डिझेलचा थेंब पडला की मऊ व्हायचा, फडकं लावलं की फडक्यावर यायचा. खाली तेल, वर न शिजलेला रंग, मग पोपडे धरणारच.

ब्लॉकसाठी डब्यावर इंजिन इनॅमल असं लिहिलेला रंग बघावा. त्यावर बहुधा २६० अंशांच्या आसपासचा आकडा असतो, आणि तेल, डिझेल, कूलंट सोसण्याची ग्वाही असते. ही ग्वाही अंशांपेक्षा महत्त्वाची. हार्डनर मिसळून लावायचा ट्रॅक्टरचा इनॅमलही ब्लॉकवर छान टिकतो. फाटकाचा साधा ऑइलपेंट शेतातल्या पंपाच्या इंजिनावर लोक लावतात, तो काही काळ राहतो, पण गरम जागी पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि डिझेलने मऊ पडतो. ब्रेक ऑइलपासून मात्र कुठलाही रंग जपावा, ते रंग उचलून काढतं.

दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग याहून कणखर. त्याला हवेतल्या ऑक्सिजनची वाट पाहावी लागत नाही, हार्डनर आतूनच जाळं विणतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्यातून ती फुप्फुसात गेली की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते. तोंडाला बांधलेली दस्ती याला अजिबात अडवत नाही. रंगकामाचा योग्य मास्क आणि वारा खेळती जागा नसेल तर पीयू फवारू नये. गॅरेजातली लहान पोरं हे काम उघड्या तोंडाने करताना दिसतात, तेव्हा पोटात कालवतं.

रंगवण्याआधी कुठे रंग जाऊ द्यायचा नाही हे ठरवावं. गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी पट्टी, बसतं ती सपाट तोंडं, ऑइल फिल्टरची बैठक, सेन्सरची भोकं, रबरी पाइप, बेल्टची पुली. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवले की टेप लावायची गरज पडत नाही. अर्थिंगची पट्टी बसते ती जागा आणि स्टार्टरचं तोंड कोरं लोखंड ठेवायचं, कारण रंग वीज वाहू देत नाही. स्टार्टर कण्हत फिरतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. आणि इंजिन नंबर. त्यावर ग्राइंडर फिरवायचा नाही, रंगाचे थर चढवून तो बुजवायचा नाही. आरटीओत त्याचा पेन्सिलने छाप घेतात, आणि खरवडलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. मी तिथे टेप लावली आणि नंतर नुसता ग्रीसचा हात दिला. ब्लॉकच्या आतल्या बाजूला रंग देणारेही असतात. मी देत नाही. आतली खपली सुटली तर ती तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसते.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, पातळ हवा. नीट साफ झालेल्या बिडावर काही इंजिन इनॅमल थेट धरतात, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. मी एपॉक्सी प्रायमरचा एक हात दिला, कारण तो लोखंडाला घट्ट धरतो आणि तेलाला भीत नाही. फाटकाचा रेड ऑक्साइड इथे नको. तो सावकाश वाळतो, आणि वरच्या रंगातला जहाल थिनर त्याला उचलून सुरकुत्या पाडतो.

पहिल्या वेळी मी ब्रशने जाड हात मारत होतो तेव्हा आमचे मिस्त्री मामू मागे येऊन उभे राहिले. “रंग लावूलालास का शेंदूर फासूलालास?” त्यांनी विचारलं. तेव्हा मी फक्त ओशाळलो. त्या वाक्यात किती रसायन आहे ते पुढे कळलं. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तेलात कालवलेलं. जवसाच्या तेलातला हाच शेंदूर पूर्वी लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजरोधक पहिला हात म्हणून देत. शिसं विषारी, म्हणून आता टाळतात. खुलताबादच्या भद्रा मारुतीपासून वेशीवरच्या मारुतीपर्यंत शेंदराचे थर कसे चढतात हे आपण पाहिलेलं आहे. वर्षानुवर्षांचा थर जाड झाला की एक दिवस आख्खं कवच निघून येतं. जाड रंगाचं असंच होतं. वरची साय आधी धरते आणि आतला ऑक्सिजनचा रस्ता बंद करते. खाली ओला राहिलेला रंग आणि अडकलेला थिनर इंजिन तापल्यावर फुगतो. फोड येतो, फुटतो, आणि तिथून पाणी आत शिरतं.

म्हणून पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं लोखंड दिसेल इतका. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. सगळे मिळून वाळल्यावर साधारण माणसाच्या केसाइतकी जाडी पुरे. दोन हातांमधली वेळ डब्यावर दिलेली असते आणि ती पाळावीच लागते: बरेच रंग एका तासाच्या आत पुढचा हात घ्या म्हणतात, नाहीतर थेट काही दिवस थांबा. मधल्या काळात खालचा थर अर्धा विणलेला असतो. नव्या हातातला थिनर त्यात शिरून त्याला फुगवतो आणि कातडी आंबोळीसारखी जाळीदार होते.

स्प्रेगन नसली तर ब्रशने काही बिघडत नाही. बिडाचा पृष्ठभाग मुळातच खरबरीत, ब्रशच्या रेघा त्यात मिटतात, आणि इंजिन गाडीतच असेल तर आजूबाजूला फवारा उडत नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणणार असाल तर आधी टाकीच्या बुडाची चावी उघडून पाणी काढून टाका. ते रंगातून उडालं की थेंबाथेंबाचे खड्डे पडतात. डॅशबोर्डची पॉलिश त्या दिवशी गॅरेजात उघडूसुद्धा नये. सिलिकॉनचा अंश पडलेल्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल खळगा करून बाजूला सरतो.

दिवस निवडताना आपल्या हवेचा विचार करावा. मे महिन्याच्या दुपारी रंगाचा तुषार ब्लॉकपर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. वर काळ्या रानातली धूळ. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सगळ्यात चांगले. उन्हाळ्यातच करायचं तर साफसफाई दुपारी, रंग सकाळी दहाच्या आत.

रंगामुळे इंजिन जास्त तापेल का, हे आण्णांनी विचारलं होतं. ढोबळमानाने डिझेलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेला पाण्यातून रेडिएटरला. ब्लॉकच्या कातडीतून थेट हवेत जाणारा वाटा लहान, आणि केसाएवढ्या थराने तो फारसा अडत नाही. गंमत अशी की चंदेरी ॲल्युमिनियमचा रंग उष्णता कमी फेकतो. बाकी हिरवा, करडा, काळा यांत त्या तापमानाला फारसा फरक नाही. पंखांसारखे पातळ पापुद्रे असलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनावर मात्र जाड रंग टाळावा.

शेवटी शिजवणं. इंजिन इनॅमलला पूर्ण कडकपणा उष्णतेनेच येतो, बहुधा ९० ते ९५ अंशांवर अर्धा तास, नेमका आकडा डब्यावर. जुनं इंजिन असेल तर एक-दोन दिवस सुकू देऊन ते सुरू करावं, गरम होऊ द्यावं, बंद करून पूर्ण थंड करावं, असं तीनदा. पहिल्यांदा थोडा धूर आणि वास येतो, त्याने घाबरू नये. पण नुकतं बोअरिंग झालेलं, नव्या रिंगा बसवलेलं इंजिन असं नुसतं उभ्याने चालवत ठेवणं रिंगांसाठी वाईट. म्हणून तसा ब्लॉक जोडण्याआधीच शिजवून घ्यावा. एमआयडीसीत पावडर कोटिंगवाल्यांकडे मोठ्या भट्ट्या असतात. त्यांचं नेहमीचं काम १८० ते २०० अंशांवर चालतं, त्यामुळे आपला आकडा कागदावर लिहून द्यावा आणि ब्लॉकला चिकटवलेला टेप आधी काढून न्यावा. घरातल्या ओव्हनमध्ये, ज्यात पुढे खायचं भाजणार आहोत, हे काम कधीच करू नये.

दुसऱ्या वेळी मी रंग फिका करडा निवडला. काळ्या ब्लॉकवर सगळं लपतं. गेल्या पावसाळ्याच्या आधी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेपासून खाली एक तपकिरी रेघ आलेली दिसली, बोटभर लांब. आण्णांनी बोनेट उघडं धरलं होतं आणि त्यांनाच ती आधी दिसली. मामूंनी कव्हर काढलं, कॉर्कचं गॅस्केट एका कोपऱ्यात चिरलेलं होतं. नवं बसवलं, रेघ फडक्याने पुसली. खालचा रंग होता तसाच होता.